साहेबाची पेंडी

परवा सकाळी दाविदचा फोन आला. "दादा, हुरडा आलाय. कवा येताय?" दाविद माझा धाकटा चुलतभाऊ. कर्जतच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथली घरची ज्वारी तोच बघतो. नाताळ झाला की त्याचा हा फोन ठरलेला आणि "उद्याच येतो" हे माझं उत्तरही ठरलेलं. या वेळी मात्र माझ्या तोंडून शब्द फुटेना. "नेटवर्क न्हाई काय तिकडं?" म्हणून तो दोनदा ओरडला. नेटवर्क होतं. शेवटी त्यानंच आवाज खाली आणला आणि म्हणाला, "या दादा. पेंडी बांदायची हाय. तुमच्याबिगर मी न्हाई बांदनार."

गेल्या वर्षी याच दिवसांत, याच रानात, आगटीभोवती बसून हुरडा खाताना मला माझे पणजोबा नव्यानं कळले. त्या धक्क्यातून मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही. चौसष्ट वर्षांच्या माणसाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा एवढा धक्का बसावा का, असं माझी बायको मला विचारते. बसतो. रस्त्यानं जाताना मधेच आठवतं आणि मी चालायचा थांबतो. मागून येणारे मला चुकवून पुढे जातात.

हुरड्याचा वास मला लहानपणापासून सुट्टीचा वास वाटत आला. खड्ड्यात गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा निखारा झाला की त्यात हिरवी कणसं खुपसायची, बाहेर काढून हातावर चोळायची. हात भाजतात, पण थांबायचं नसतं, कारण गार झालेल्या हुरड्याला चव नाही. कोवळे दाणे दाताखाली फुटले की दुधासारखं गोड काहीतरी जिभेवर येतं. वर शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. आम्ही पोरं तोंडाला काळं फासल्यासारखी दिसायचो. पण पहिलं कणीस तोंडात जायच्या आधी एक काम असायचं, आणि ते झाल्याशिवाय वडील आगटीला काडी लावू देत नसत. "आधी साहेबाची पेंडी, मग तुमची तोंडं," असं म्हणायचे.

पेंडी म्हणजे हिरव्या कणसांसकट उपटलेली ज्वारीची पाच ताटं, सुंभानं एकत्र बांधलेली. ती घराच्या फाटकाला बाहेरच्या बाजूनं बांधायची. नंतर तिला हात लावायचा नाही. चिमण्या खातील, शेळ्या ओढतील, वाळून जाईल, जे व्हायचं ते होईल. आमच्या पणजोबांनी पाडलेली ही चाल. गावात दुसऱ्या कुणाच्या घरी नाही, ख्रिस्ती नाही की हिंदू नाही. मी नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला लागलो तेव्हा जुनं लाकडी फाटक काढून लोखंडी करून दिलं, आणि पेंडीसाठी बाहेरच्या बाजूला एक कडी मुद्दाम वेल्ड केली. वडिलांनी त्या कडीवरून हात फिरवला होता. माझ्या कुठल्याच कामाचं त्यांनी तोंडावर कौतुक केलं नाही, पण ती कडी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

आता ही चाल कुठून आली? याचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आमचं आडनाव टिलबरी. पणजोबांचं नाव जोसाया टिलबरी. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनरी पूर्वी पुष्कळ होते आणि आमचा मूळ पुरुष त्यांच्याही आधी अमेरिकेहून जहाजानं आलेला कुणी गोरा साहेब, त्याच्याच वंशातले पणजोबा, अशी घरची कथा. पुरावे भक्कम होते! एक, आडनाव. दोन, घरातली तसबीर. तीत गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला, ओठ मिटलेला एक गोरा म्हातारा होता आणि खाली इंग्रजीत जोसाया टिलबरी असं छापलेलं होतं; पणजोबांना या पूर्वजाचंच नाव दिलं, असं आम्ही धरून चालायचो. ती पुढच्या खोलीत प्रभू येशूच्या तसबिरीशेजारी लावलेली असे, त्यामुळे गावातले काही जण त्यालाही हात जोडायचे. आणि तीन, घारे डोळे. आत्याचे घारे, दाविदचे घारे. घारे डोळे आमच्या गावात आणखी चार-पाच घरांत आहेत, पण ते आम्ही कधी हिशेबात धरले नाहीत.

पेंडीचं कोडंही याच कथेनं सुटायचं. अमेरिकेत म्हणे पीक आलं की देवाचे आभार मानायचा सण असतो, तीच चाल साहेबानं इकडे आणली. आमच्या चर्चमध्ये सुगीचा सण होतो. लोक ज्वारी, भोपळे, कोंबड्या, ऊस घेऊन येतात. एका वर्षी मी तिथे उभा राहून आमच्या पेंडीवर चांगलं दहा मिनिटं भाषण ठोकलं. अमेरिका देश व्हायच्याही आधीची ही प्रथा, कर्जत तालुक्यात फक्त आमच्या फाटकावर जिवंत आहे, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. ते भाषण आठवलं की आता मला एकट्याला घाम फुटतो.

आमच्या घरात एक बोलण्याची तऱ्हाही होती. कुणी हाक मारलेली नसताना एखाद्यानं "ओ" दिली, म्हणजे स्वयंपाकघरातून कुणी उगाच "काय गं?" म्हणत बाहेर आलं, की बाकीचे हसायचे, "जोसायाची ओ झाली!" भास झाला, कान वाजले, एवढाच त्याचा अर्थ. ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही. घरात वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दांना कोण विचारतं?

मी टूलरूममध्ये फिटर होतो. केसापेक्षा बारीक फरक मायक्रोमीटरनं पकडायचा आणि चुकलेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, बाजूला फेकायचा, यात माझं आयुष्य गेलं. पोरं मला मागून खडूस म्हणायची. मापाच्या गेजला लावल्याशिवाय मी साधी पिन पास केली नाही. आणि घरची कथा मात्र मी एकदाही कशाला लावून पाहिली नाही, याचं मला आज सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. उलट निवृत्त झाल्यावर रिकामपणी तीच कथा मी इंटरनेटवर घातली. घराण्यांचे वंशवृक्ष जुळवणारी एक साइट असते, तिच्यावर पणजोबांचं नाव, तसबिरीचा फोटो आणि माझा पत्ता टाकला.

आठ दिवसांत अमेरिकेतून उत्तर आलं. लिहिणारीचं नाव कॅरल, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वयानं माझ्याहून थोडी मोठी. ती बरीच वर्षं त्याच म्हाताऱ्याच्या मागावर होती. जोसाया टिलबरी हा तिचा पूर्वज. अमेरिकेवर इंग्रजांच्या राजाचा अंमल होता त्या काळात तो समुद्र ओलांडून तिकडच्या एका किनाऱ्यावर उतरला, पिंपं बनवायचा धंदा केला, जमीन घेतली, मुलंबाळं वाढवली. त्याच्या वंशाच्या सगळ्या फांद्या तिनं जुळवत आणल्या होत्या. एकच तुटत होती. त्याचा एक नातू खलाशी होऊन जहाजावर चढला तो परत आलाच नाही. "ती फांदी तुम्ही तर नाही?" असं तिनं विचारलं होतं. मी लगेच कळवलं की आम्हीच ती फांदी. मायक्रोमीटर, गेज, सगळं कुठल्या कुठे!

ती येणार म्हटल्यावर मी फ्लेक्स छापला. आठ फुटी. वर तसबिरीतला म्हातारा, खाली पणजोबा, मग आजोबा, मग आम्ही सगळे फोटोंसकट, अगदी दाविदच्या सहा महिन्यांच्या नातीपर्यंत. 'टिलबरी घराण्याचे हार्दिक स्वागत'. फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं एक जहाज घातलं, एक गरुड घातला आणि जागा उरली म्हणून अमेरिकेचा झेंडा. कॅरल फाटकापाशी गाडीतून उतरली, तिनं फ्लेक्सकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. झेंड्याकडे बोट करून हलक्या आवाजात म्हणाली, "जोसायाच्या वेळी हा झेंडा नव्हता." आणि ती रडायला लागली. नगरपलीकडच्या बेलापूरहून मुद्दाम आलेली माझी आत्या पुढे झाली आणि तिनं त्या परक्या बाईला कुशीत घेतलं. "रगात वळखतंय बगा," ती म्हणाली. मी त्याचं इंग्रजी केलं. कॅरल आणखीच रडली.

ती कशासाठी रडत होती हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. निघायच्या आधी तिला एका नातेवाइकाच्या घरी पत्रांचा डबा सापडला होता आणि ती पत्रं तिनं विमानात वाचली होती. इथे उतरताना तिला सगळं ठाऊक होतं. पण समोर आठ फुटी फ्लेक्स, हार घेऊन उभी राहिलेली माणसं, रक्त ओळखणारी आत्या. तिला तोंड उघडवेना. दोन दिवस ती आमच्यात जेवली, पोरांशी खेळली, कुठेही बसली तरी मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी हुरडा होता. पेंडी सकाळीच माझ्या हातानं फाटकाला बांधून झाली होती. कॅरलनं ती का बांधतात हे विचारलं आणि मी माझं सुगीच्या सणाचं भाषण तिला थोडक्यात ऐकवलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, ऊन लागलं. आगटीपाशी तिला प्लास्टिकची खुर्ची दिली. दाविद कणसं काढून देत होता. तिनं दोन घास खाल्ले, काळे हात रुमालाला पुसले, पिशवीतून पत्रांचे कागद काढले आणि म्हणाली, "सॅम्युअल, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी वाचते. तू यांना सांग."

कारखान्यात बाहेरचा इंजिनिअर आला की साहेब लोक मलाच पुढे करायचे, त्यामुळे एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायची मला सवय आहे. मशीन बंद का पडली हे मी कितीदा तरी असं सांगितलं आहे. पण स्वतःच्याच घराबद्दलचं वाक्य कानानं ऐकायचं आणि ते पुरतं कळायच्या आत आपल्याच तोंडानं चाळीस माणसांना सांगायचं, हे मी आधी कधी केलं नव्हतं.

पत्रं नगरच्या एका मिशन-शाळेच्या बाईंची होती. कॅरलच्या घराण्यातल्या एका बाईला लिहिलेली. त्या घराण्यात जोसाया हे नाव पुढे चालवायला मुलगा उरला नव्हता. म्हणून त्या बाईनं हिंदुस्थानातल्या एका अनाथ मुलाला सांभाळायचा खर्च उचलला, आणि बदल्यात एवढंच मागितलं की त्याला आपल्या पूर्वजाचं नाव द्यावं. तसबीर तिनंच पाठवली होती.

पहिलं पत्र मोठ्या दुष्काळातलं होतं. कॅरल वाचत होती, मी सांगत होतो. "आज एक बाई मुलाला घेऊन आली. कोरड्या भागातून तीन दिवस चालत आली. बाईचं नाव ठकू. मुलाचं नाव गेनू." मी गेनू म्हणालो आणि कुणाला काही कळलं नाही. "तिचं म्हणणं, पाऊस पडेपर्यंत याला ठेवा. पाऊस पडला की मी न्यायला येते. मुलगा हुशार आहे. तुमच्या इच्छेप्रमाणे आम्ही त्याचं नाव जोसाया टिलबरी ठेवलं आहे."

दाविदच्या हातातलं कणीस निखाऱ्यातच राहिलं. जळायला लागलं तरी त्यानं काढलं नाही. "म्हंजी पंजोबा अनाथ बी नव्हतं?" तो म्हणाला. "आई हुती?"

आई होती. पाऊस पडला, ज्वारी आली आणि ती न्यायला आली, हे पुढच्याच पत्रात होतं. शाळेच्या बाईंनी तिला समजावलं की मुलाला आता चांगलं घर मिळालं आहे, शिकतो आहे, पोटभर जेवतो आहे, तू त्याला काय देणार? तिनं पदरातून हिरवी कणसं काढून दाखवली. हे सुद्धा पत्रात लिहिलं होतं. थोड्या गमतीनं लिहिलं होतं. त्यानंतर ती दरवर्षी येत राहिली, कणसं हुरड्यात आली की. मुलाला घडीभर शाळेच्या फाटकापाशी सोडत. दोघं फाटकाच्या बाहेर बसून खात.

मी त्या बाईंना वाईट म्हणणार नाही. दुष्काळात त्या पोराला कुणी जेवायला घातलं, तर त्यांनीच. पण पत्रातला तो आनंदी सूर, दूर राहणाऱ्या मैत्रिणीला खुशाली कळवावी तसा, तो मी ज्या तोंडानं मराठीत आणत होतो ते तोंड माझं होतं.

तिसरं पत्र वाचताना कॅरल मधेच थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं भराभर वाचून टाकलं. "या वर्षी ती आली तेव्हा मुलांचा धडा चालू होता. तिनं फाटकावरून त्याला जुन्या नावानं हाक मारली. कळवायला आनंद होतो की आपल्या जोसायानं मान वळवली नाही. तिनं पुन्हा पुन्हा हाका मारल्या. तो पुस्तकातून वाचत राहिला. ती बराच वेळ उभी होती. मग कणसं फाटकाला बांधून निघून गेली."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "ती आली, पण त्या वर्षी भेट झाली नाही. कणसं फाटकाला बांधून गेली."

मधलं वाक्य मी गिळलं. आयुष्यात मी खोटा रिपोर्ट दिला तो एवढाच. आत्या म्हणाली, "एवडंच लिव्हलंय व्हय? लई वाचलं की तिनं." मी म्हणालो, "एवढंच." आणि तेव्हा कुणाचं माझ्याकडे लक्षही राहिलं नाही, कारण दाविदनं मान वळवली होती. मग त्याच्या बायकोनं, मग पोरांनी. रानातून घराचं फाटक दिसतं. मी वेल्ड केलेल्या कडीत सकाळची पेंडी वाऱ्यानं हलत होती.

शेवटच्या पत्रात एक ओळ होती. मुलाची आई या वर्षी आली नाही.

कॅरल खुर्चीवरून उतरून खाली मातीत बसली. म्हणाली, आमच्या घराण्यानं त्याचं नाव काढून घेतलं. म्हणाली, गंमत बघ, आमच्याकडे टिलबरी नाव कधीच संपलं, आता जगात या नावाचे फक्त तुम्हीच आहात. क्षमा मागते म्हणाली, आणि ते मी आत्याला सांगितलं. आत्यानं डोळ्याला पदर लावला नाही. जळालेलं कणीस बाजूला सारून दुसरं घेतलं, चोळलं, फुंकर मारली आणि त्या बाईच्या ओंजळीत हुरडा घातला. "तिला म्हनावं, खा. तिच्या मान्सांनी पोर जगवलं. नाव काडून घेतलं त्ये बी खरं, जगवलं त्ये बी खरं. कुनाला माफ करायचं आन् कुनाला न्हाई, त्ये ठरवनारी तर गेली."

दुसऱ्या दिवशी कॅरलला पुण्याकडच्या गाडीत बसवून मी आत्याला बेलापूरला सोडायला निघालो. आत्या पंच्याऐंशीच्या घरातली, पण गाडीत झोपत नाही. नगर मागे पडलं, उसाच्या बैलगाड्या लागायला लागल्या. ती खिडकीतून बघत होती. एकदम म्हणाली, "शमू, माज्या आज्याला, तुज्या पंजोबाला, मी बगितलाय बरं का. लई म्हातारा झाल्ता. सुगी आली का फाटकापाशी बाज टाकून बसायचा, पेंडीच्या शेजारी. आन् मदीच 'ओ' द्यायचा."

"कुणाला?"

"कुनालाच न्हाई. कुनी हाकच मारलेली नसायची. आमी पोरं लांबून बगायचो आन् हसायचो. मंग घरातच त्ये पडून गेलं, जोसायाची ओ, जोसायाची ओ. म्या एकदा इच्यारलं त्याला, आजा, कुनाला रं ओ देतो? तर म्हनला, येक द्यायची ऱ्हायली हुती."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. हँडब्रेक ओढला की नाही हेही आठवत नाही. गिळलेलं वाक्य मी आत्याला तिथे सांगितलं, जसं होतं तसं, 'कळवायला आनंद होतो' हे शब्द सुद्धा. तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. बाजूनं गाड्या जात होत्या. एका गाडीवर उसाच्या मोळ्यांवर एक बाई लेकराला पुढ्यात घेऊन बसली होती, ती वळणापर्यंत दिसत राहिली. आत्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "किती वर्सं हसलो रं आमी."

मला इतका वेळ वाटत होतं की पोरगं लहान होतं, विसरलं असेल. तेव्हा कळलं की तो विसरला नव्हता. त्यानं ऐकलं होतं. शिक्षा होईल म्हणून, किंवा पोरं हसतील म्हणून, किंवा आईची लाज वाटली म्हणून, काय असेल ते, त्यानं मान वळवली नाही आणि ती परत आलीच नाही. मग तो मोठा झाला, शिक्षक झाला, आणि नगरची चांगली शाळा सोडून त्यानं इकडे कर्जतच्या कोरड्या भागात बदली मागून घेतली. घरची कथा सांगायची की केवढा हा त्याग, साहेबाचा वंशज असून मागासल्या मुलखात जाऊन राहिला! तो तिला शोधायला गेला होता. दुसरं काय असणार? सापडली नाही म्हणून तिच्या येण्याच्या दिवसांत फाटकाला खूण बांधत राहिला. आणि त्या खुणेला आम्ही साहेबाची पेंडी म्हणालो. त्यानं आम्हाला कधीच सांगितलं नाही, की सांगितलं आणि आम्हाला गोरा साहेबच जास्त आवडला, ते मला कळायला मार्ग नाही.

वर्षभर मी हिंडलो. कर्जतच्या पुढची गावं, जामखेडकडची गावं. पण विचारणार काय? ठकू नावाची बाई, तिचा गेनू नावाचा मुलगा, आडनाव माहीत नाही, जात माहीत नाही, गाव माहीत नाही. एका गावी पारावरचे म्हातारे म्हणाले, "आवो, अशा ठकू घरटी हुत्या." खरंच होतं ते. कॅरलला तिच्या पूर्वजाचं जहाज, त्याची जमीन, त्याच्या पिंपांवरचा छाप, सगळं मिळालं. मला एका बाईचं नुसतं नाव मिळालं, तेही दुसऱ्याच कुणाच्या पत्रात, चुकीच्या स्पेलिंगनं.

माझा देव तोच आहे, रविवारी मी चर्चला जातो. आडनावही तेच ठेवलं. बदलावं का, असं मी आत्याला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यानं जल्मभर वापरलंय." फ्लेक्स मात्र मी काढला. दाविदनं तो गेल्या सुगीत मळणीच्या राशीखाली अंथरला, चांगला जाड आहे म्हणून. वंशवृक्ष आता वहीत आहे. सगळ्यात वर ठकू. तिच्या वरची जागा कोरी आहे. तसबीर मी उतरवली नाही. बिचाऱ्या म्हाताऱ्याचा यात काय दोष! पण त्याच्याकडे बघताना आता पहिल्यांदाच तो परका वाटतो. त्यालाही आमच्याकडे बघून इतकी वर्षं तसंच वाटत आलं असेल.

तर आज सकाळी मी गावी आलो. थंडी होती, ताटांवर दव होतं. पाच ताटं मी स्वतः उपटली, मुळांची माती झटकली, सुंभ आवळला. फाटकाच्या बाहेर उभा राहून कडीत पेंडी अडकवली. दाविद आणि पोरं मागे उभी होती. पूर्वी हे काम म्हणजे घाईघाई असायची, कधी एकदा आगटी पेटते म्हणून. आज कुणी हललं नाही. मी बेलापूरला फोन लावला. आत्याला आता प्रवास झेपत नाही.

"बांदली का?" तिनं विचारलं.

"बांधली."

"आन् ओ दिली का?"

समोर डांबरी रस्ता, त्यावरून दुधाच्या किटल्या घेऊन एक मोटारसायकल गेली. रस्त्यापलीकडे शेजाऱ्याचं हरभऱ्याचं रान. कुणीही हाक मारत नव्हतं. मला लाज वाटत होती, मागे पोरं होती. मग माझ्या लक्षात आलं की त्यालाही अशीच वाटली असणार. मी रस्त्याकडे तोंड केलं आणि फोन कानाला तसाच धरून म्हणालो, "ओ."

"आरं, मोट्यानं दे की," आत्या तिकडून म्हणाली. "लई लांबून यायची ती."